यशवंताचा इको

मी मुळात कमी बोलणारा माणूस. बोललोच तर हळू. त्यामुळे एक फायदा झाला. माझे किस्से खर्च झाले नाहीत. बाकीच्यांनी आपापले किस्से लग्नात, चहाच्या टपरीवर, शिफ्ट सुटताना सायकल स्टँडवर सांगून सांगून झिजवून टाकले. माझे तसेच पडून राहिले. भिलाईच्या खिडक्यांवर लाल धूळ बसते, सकाळी पुसली तरी संध्याकाळी परत असते, तसे ते एकावर एक बसत गेले. आता नातू म्हणतो, "आजोबा, कुछ तो बोलो!" म्हणून बोलतो.

हे सगळे किस्से आमच्या ऑर्केस्ट्रातले. त्यातही यशवंत मेश्रामचे. तो स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचा आणि सुटीच्या दिवशी कीबोर्ड वाजवायचा. मी तिथल्याच मिलमध्ये खलाशी, म्हणजे जड सामान उचलणारा. शिक्षण चौथी. ऑर्केस्ट्रात माझं काम म्हणजे स्पीकर उचलणं, वायरी जोडणं. गाणाऱ्या सुनंदाताई देशमुख, त्यांचे मिस्टर प्लांटच्या ऑफिसात क्लार्क. ढोलकवर साहू, तो इथलाच, छत्तीसगढी. बाकी दोन-चार जण यायचे-जायचे. तेव्हा आमची भिलाई मध्य प्रदेशात होती आणि लग्नात लोक खुर्चीवर बसून गाणी ऐकायचे.

*

यशवंताचा कीबोर्ड जपानी होता. मामेभावाने परदेशातून आणलेला. आवाज चांगला, पण कोरडा. बोट उचललं की सूर मेला. यशवंताला ते सहन होत नसे. म्हणायचा, "शंकरभाऊ, सूर असा मरत नाई. सूर इझत जाते."

मग नागपूरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्याने इकोचा जुना डबा आणला. लोखंडी, जड, आत टेपची पट्टी गोल गोल फिरायची. कीबोर्डची वायर त्यात घातली की दोन गोष्टी व्हायच्या. एक, आवाज घुमायचा, मोठ्या खोलीत वाजवल्यासारखा. ते रिव्हर्ब. दुसरी, वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत यायचा, मग परत, मग परत, दर वेळी जरा हलका होत. ते डिले. आम्ही अडाणी, आम्ही सगळ्यालाच इको म्हणायचो.

रविवारी सकाळी कॅम्प-वनमधल्या यशवंताच्या घरी आम्ही जमलो. बाहेर खाटेवर त्याचे वडील बसले होते, मेश्रामबाबा. बाबा जुने पेटीवाले. यशवंत सा रे ग म त्यांच्याच मांडीवर शिकलेला. आता बाबांची बोटं आखडली होती, पेटी कपाटावर गेली होती, पण कान शाबूत.

यशवंताने एकच सूर दाबला. डबा बोलला. एक, दोन, तीन, चार!

आम्ही सगळे "अरे वा!" करून ओरडलो. साहू तर उठून नाचला. यशवंत धावत दारात गेला.

"बाबा, कसं वाटलं?"

बाबा तंबाखू मळत होते. "तू किती खेप दाबलं?"

"एक खेप."

"अन् वाजलं किती खेप?"

"चार."

"म्हंजे एक खरं अन् तीन खोटं," बाबा म्हणाले. "एवढं खोटं तं इलेक्शनमंदी बी नाई बोलत कोनी!"

सगळे हसले. यशवंतही हसला. पण वायर गुंडाळताना मला हळूच म्हणाला, "शंकरभाऊ, मले टाळ्या नाई पाह्यजे. बाबानं एक खेप येऊन माहं वाजवणं पुरं आयकावं. बस, एवढंच."

बाबा त्याच्या एकाही कार्यक्रमाला आले नव्हते. ज्याला त्याला सांगायचे, "पेटी शिकवली म्या, अन् पोरगं बिजलीवर गेलं."

*

दोन हात कीबोर्डवर असले की डब्याची बटनं कोण फिरवणार? यशवंत म्हणाला, "शंकरभाऊ फिरवतीन."

मी घाबरलो. बटनांखाली सगळं इंग्रजी लिहिलेलं. म्हटलं, "यशवंता, मले इंग्रजी वाचता नाई येत."

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी घेऊन माझ्या मरोद्याच्या क्वार्टरवर आला. डबा माझ्याचकडे असायचा, त्याच्या घरी जागा नव्हती. त्याने पट्टीचे तुकडे कापले आणि एकेका बटनाखाली पेनाने मराठीत लिहून चिकटवले. पहिल्याखाली 'किती वेळानं'. दुसऱ्याखाली 'किती वेळा'. तिसरं घुमण्याचं बटन होतं, त्याच्या भोवती तीन तुकडे गोल लावले. 'न्हाणी', 'वर्ग', 'विहार'. म्हणजे न्हाणीत गायल्यासारखं, शाळेच्या रिकाम्या वर्गात गायल्यासारखं, आणि विहारात सगळे शांत बसले असताना गायल्यासारखं.

इंजिनिअर लोक पुस्तक वाचून शिकतात ते मला पाच तुकड्यांत आलं.

एकदा रायपूरचा एक मोठा साउंडवाला स्टेजवर आला. डब्याकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, "ये न्हाणी क्या है? कौन सी कंपनी का इफेक्ट है?"

यशवंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "घर का है. बाल्टी के साथ आता है!"

आणि मला शिकवताना तो काय म्हणाला तेही सांगतो. मी त्याला विचारलं, "हे डिले मले जमन का?" तर म्हणाला, "तुमालेच जमन, शंकरभाऊ. तुमाले आज इचारलं तं तुमी परवा उत्तर देता!"

*

गणपतीत एका सेक्टरच्या मंडळात आमचा कार्यक्रम होता. तिथले अध्यक्ष दरवर्षी गाण्यांआधी भाषण करायचे. माणूस सज्जन, पण भाषण सुरू झालं की मुलं झोपायची, बायका स्वैपाक आठवून उठून जायच्या.

त्या वर्षी माझी चूक झाली. सुनंदाताईंचा माइक मी इकोच्या डब्यात जोडून ठेवला होता आणि अध्यक्षांनी नेमका तोच हातात घेतला. 'किती वेळा' वरचं बटन पुरतं उघडं!

अध्यक्ष म्हणाले, "मी आपला जास्त वेळ घेणार नाही!"

स्पीकरमधून आलं, "नाही! ... नाही! ... नाही! ... नाही!"

लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की मांडव हलला. अध्यक्षांना वाटलं आपल्याच बोलण्याला टाळ्या. ते हात जोडून खरंच खाली बसले.

मी यशवंताकडे पाहिलं. आता हा चिडणार. तो डोळे पुसत होता, हसून हसून.

पुढच्या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी कार्यक्रम ठरवायला आले. गाणी ठरली, वेळ ठरली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "शंकरभाऊ, भाषणाच्या वेळी ते बटन मागच्या वर्षीसारखंच राहू द्या. कमिटीचा ठराव आहे!"

हे मी बाबांना सांगितलं. बाबा पहिल्यांदा डब्याविषयी बरं बोलले. "चाला, एक खेप तरी मशीन खरं बोलली!"

*

डिलेची एक खोड असते. परत येणारा सूर तालात पडला तर सोनं, नाही तर चिखल. गाणं एका लयीत चाललंय आणि इको मध्येच ठेचाळतोय, असं होतं. प्रत्येक गाण्याची लय वेगळी, म्हणून 'किती वेळानं' हे बटन प्रत्येक गाण्याआधी वेगळ्या जागी न्यावं लागायचं.

त्यासाठी यशवंताने एक पद्धत काढली. कीबोर्डच्या टेबलाखाली तो चप्पल काढायचा, मीही काढायचो. गाण्याआधी तो आपल्या पायाने माझ्या पायावर ताल द्यायचा आणि मी बटन फिरवत इको त्या पायाशी जुळवायचो. वरून लोकांना काही दिसत नसे. आमचं अर्धं संगीत टेबलाखाली होतं.

पण साहूचं बिनसलं. कुरुदला त्याच्या नात्यातलं लग्न होतं, सगळे पाहुणे त्याचेच. तो ढोलक बाजूला ठेवून म्हणाला, "ताल ला अब ये डब्बा बताही का? त मोर का काम? मैं घर जाथंव."

यशवंत उठला. माझा हात धरून मला साहूच्या शेजारी नेऊन बसवलं, डबाही उचलून तिथेच ठेवला. म्हणाला, "शंकरभाऊ, आजपासून पाय माहा नाई, साहूचा. साहू देईन तो ताल. डबा त्याच्या मांगं येईन, मी डब्याच्या मांगं."

साहूने माझ्या पायावर ताल दिला. तो ढोलकवाला, त्याचा पाय म्हणजे हातोडा. आठ दिवस माझा अंगठा काळानिळा होता. पण त्या दिवशी इको असा बसला की नवरदेव घोड्यावरून उतरायला तयार होईना!

कार्यक्रम संपल्यावर साहू पाहुण्यांना डबा दाखवत फिरत होता, "देखौ, ये ह मोर चेला ए."

मोठे वाजवणारे मी पुष्कळ पाहिले. आपल्या हातातला ताल दुसऱ्याला देणारा तो एकच.

*

मरोद्याच्या एका कार्यक्रमात ऐन गाण्याच्या आधी डब्यातली टेपची पट्टी तुटली. यशवंत म्हणाला, "घाबरू नका. हाये ना आपली दवाखान्याची पट्टी."

मी ती टेप चिकटपट्टीने जोडली. चालू झाली. पण जोड जिथे होता तो भाग फिरत आला की स्पीकरमध्ये 'टक' व्हायचं. दर फेरीला एक 'टक'.

सुनंदाताई म्हणाल्या, "अहो, हे असं कसं गायचं? दारावर कोणी आल्यासारखं वाटतं."

यशवंताने डोळे मिटून चार 'टक' ऐकले. मग गाण्याची लयच जरा धरून ठेवली, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी बरोबर 'टक' पडेल. सुनंदाताई ओळ सोडायच्या, टक! साहू तिथे हात उचलायचा, टक! दुसऱ्या कडव्यापासून लोक त्या 'टक' बरोबर टाळी द्यायला लागले.

आठवड्याने दुर्गच्या एका ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला यशवंताच्या घरी आला. मिठाईचा पुडा घेऊन. इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, "भाई साहब, वो टक वाला इफेक्ट कौन से बटन में है? हमने अपनी मशीन पूरी छान मारी."

यशवंताने माझ्याकडे बोट दाखवलं. "बटन में नहीं है. शंकरभाऊ के हाथ में है. मगर वो जल्दी किसी को बताते नहीं!"

मी अर्थातच काही बोललो नाही. त्यामुळे त्याला ते आणखीच खरं वाटलं.

*

सुनंदाताईंचा आवाज गोड, पण एका हिवाळ्यात त्यांना असा खोकला झाला की लांब सूर टिकेना. कार्यक्रम त्यांच्या सासूबाईंच्या ओळखीतला, रद्द करणं शक्य नव्हतं. सासूबाई पहिल्या रांगेत. सुनेचं गाणं त्यांना पसंत नाही हे सगळ्यांना माहीत. आज सूर तुटला तर घरी गाणं बंद, हेही माहीत.

यशवंत मला म्हणाला, "विहारावर न्या. अन् तिथंच ठेवा."

सुनंदाताईंनी पहिला लांब सूर लावला. अर्ध्यातच दम संपला. पण सूर संपला नाही! यशवंताने तोच सूर कीबोर्डवर अलगद, अगदी बारीक धरला होता आणि तो विहारात घुमल्यासारखा पुढे जात राहिला. ताईंचा आवाज कुठे थांबला आणि कीबोर्ड कुठे सुरू झाला, ते शेजारी बसलेल्या मलाही कळेना. त्या श्वास घ्यायच्या, तो सूर सांभाळायचा. त्या परत यायच्या, तो बाजूला व्हायचा. अख्खा कार्यक्रम असा.

शेवटी सासूबाई स्टेजजवळ आल्या. म्हणाल्या, "आज दम बरा पुरला गं तुझा."

ताई खोटं बोलल्या असत्या तर चाललं असतं. पण त्या यशवंताकडे बघत म्हणाल्या, "तोंड माझं होतं आई. दम यांचा होता."

सासूबाई यशवंताला म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरी जेवायला या. दोघंही."

दोघंही म्हणजे मीसुद्धा. गेलो. वांग्याची भाजी फार चांगली होती.

*

यशवंताला लोक इतकं मानायचे, पण कार्यक्रम संपला की तो मागच्या रांगांकडे बघायचा. कोणाला शोधतोय ते मला माहीत होतं.

एका पौर्णिमेला विहारात कार्यक्रम ठरला. विहारात बाबा नेमाने जायचे, म्हणजे ते तिथे असणारच. यशवंत आठ दिवस बेचैन. शेवटी म्हणाला, "शंकरभाऊ, आज सगळे बटनं बंद. एक बी खोटा सूर नको. बाबाच्या पेटीवानी वाजवतो."

आणि वाजवलं. साधं, स्वच्छ, एकही सूर परत येत नाही, घुमत नाही. बाबा खांबाला टेकून बसले होते. दुसऱ्या गाण्यानंतर उठले आणि चपला घालायला लागले.

यशवंत पुढचं साहूवर सोपवून मागे धावला. मीही गेलो.

"बाबा, आज तं इको बंद होता. आज कावून उठले?"

बाबा म्हणाले, "पेटीवानी वाजवलं तू. पन पेटीत भाता असते रे. ते श्वास घेते. हे तुह्यं काय घेते?"

बाबा गेले.

यशवंत पायरीवर बसून राहिला. म्हणाला, "इको लावला तं खोटं. काढला तं मुर्दा. आता म्या काय करू, शंकरभाऊ?"

मलाही सुचलं नाही. मी त्याच्या बाजूला बसलो, एवढंच.

*

तीन दिवसांनी मला सुचलं. माझं डोकंही डिलेवरच चालतं.

माझी वीकली ऑफ होती, यशवंत ड्यूटीवर. मी कॅम्प-वनला बाबांकडे गेलो. खाटेवर बसलो. बाबा आणि मी एकत्र बसलो म्हणजे बोलायची घाई कोणालाच नसायची. चहा झाला. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "बाबा, तुमी पेटी सगळ्यात चांगली कुठी वाजवली?"

बाबा छपराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेडीत."

प्लांट बांधला जात होता तेव्हाची गोष्ट. बाबा भंडाऱ्याकडून पाया खोदायला आलेले. मिलची शेड उभी झाली होती, मशिनी अजून यायच्या होत्या. एवढी लांब, एवढी उंच आणि आत काहीच नाही. जेवणाच्या सुटीत मजूर तिथे सावलीत बसायचे आणि बाबा पेटी काढायचे.

"एक सूर लावला का तो पार त्या टोकाले जाये," बाबा म्हणाले, "थितं पानी पिये, अन् वापस ये. तो येईपर्यंत मी थांबो. तो आला का मंग दुसरा लावो. शेड अन् मी, दोघं मिळून वाजवो आमी."

मी विचारलं, "किती वेळानं ये?"

बाबांनी डोळे मिटले. हळू आवाजात एक सूर लावला, सोडला आणि स्तब्ध बसले. मग एक बोट वर केलं. "आला."

"अजून एक खेप सांगा बाबा."

त्यांनी परत सूर लावला, परत बोट वर केलं. तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा तेवढाच वेळ! इतकी वर्षं झाली होती, पण ती शेड त्यांच्या आत अजून उभी होती.

मी घड्याळवाला माणूस नाही. मी तो वेळ पायात घेतला, साहूच्या तालासारखा, आणि निघालो. सायकल चालवली असती तर पायातला ताल गेला असता. म्हणून सायकल हातात धरून कॅम्प-वनपासून मरोद्यापर्यंत चालत आलो, तोच वेळ मोजत. वाटेत साहू भेटला. ओरडला, "कइसे भइया, सायकल पंचर हे का?" मी बोललो नाही. बोललो असतो तर विसरलो असतो. त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की शंकरभाऊचं डोकं फिरलं, सायकलीला फिरायला नेतात!

क्वार्टरवर आल्या आल्या डबा लावला. 'किती वेळानं' फिरवत गेलो, फिरवत गेलो. बटन शेवटच्या टोकाला टेकलं तेव्हा पायाशी जुळलं.

दुसऱ्या दिवशी यशवंत आला. मी म्हटलं, "एक सूर दाब अन् थांब." त्याने दाबला. थांबला. सूर गेला. आणि मग, आता येत नाही असं वाटलं तेव्हा, परत आला.

"हे कुठचं लावलं तुमी?"

"तुह्या बाबाच्या शेडीतलं."

सगळं सांगितलं. त्याने चिकटपट्टीचा नवा तुकडा कापला, त्यावर 'बाबा' लिहिलं आणि बटनाच्या शेवटच्या टोकाला चिकटवला. मग पाठ करून किती तरी वेळ एक वायर काढत बसला. ती वायर आधीच निघालेली होती.

*

आता शेवटचा किस्सा.

कॅम्प-वनच्या बाजाराशेजारी मोकळं मैदान होतं, तिथे एका रविवारी संध्याकाळी पाचचा कार्यक्रम. बाबांना आणायचं काम सुनंदाताईंनी अंगावर घेतलं. दारात जाऊन म्हणाल्या, "बाबा, माझं गाणं ऐकायला चला. मुलाचं नका ऐकू!"

बाबा म्हणाले, "तुह्यं आयकीन. त्याच्याशी मले काही घेनं देनं नाई."

आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात काठी. पुढच्या रांगेत बसले. ताईंनी चार गाणी गायली. बाबांनी चारही गाण्यांना मान डोलावली, डोळे मात्र कीबोर्डकडे एकदाही गेले नाहीत. चौथं संपलं तसे उठले, काठी घेतली आणि स्टेजकडे पाठ करून रांगांमधून निघाले.

पुढे पाचवं गाणं होतं. यशवंताने साहूला हाताने थांबवलं. मला म्हणाला, "बाबा."

मला वाटलं तो हाक मारतोय. मग कळलं, बटनाचं नाव सांगतोय. मी बटन शेवटच्या टोकाला नेलं.

त्याने एक सूर लावला आणि थांबला.

बाजूला बाजार चालू होता. कांदेवाला ओरडत होता. लोकांना वाटलं, मशीन बिघडली. मग तो सूर परत आला. आला तसा यशवंताने दुसरा लावला.

बाबांची ती जुनी चाल होती, घरी कधी काळी पेटीवर वाजवायचे ती. एक ओळ वाजवायची, थांबायचं, शेडीला बोलू द्यायचं, मग पुढची ओळ. तिथे शेड नव्हती, भिंत नव्हती, वर उघडं आभाळ होतं. तरी सूर कुठे तरी जाऊन परत येत होता.

बाबा रांगांच्या मधोमध उभे राहिले. पाठ आमच्याकडेच. मागचे लोक ओरडले, "बाबा, बैठ जाओ! दिखता नहीं!" बाबांना ऐकू गेलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून ते तसेच उभे. एका ओळीनंतर त्यांची टोपी जराशी हलली, बस.

कांदेवालाही केव्हा तरी गप्प झाला.

यशवंताने शेवटचा सूर लावला, बोटं उचलली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. सूर एकदा परत आला, दोनदा आला, आणखी हलका होऊन आला. लोकांना वाटलं झालं. पुढच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या.

तेवढ्यात बाबा वळले. काठी वर उचलली आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले,

"चूप बसा रे! माहा पोरगा अजून वाजवून राहिला!"